सकारण नकार

लखनौच्या हजरतगंजातून अशोक मार्गाने निघावे, सिकंदरबागेचा चौक मागे टाकावा आणि गोमतीवरचा पूल ओलांडावा, म्हणजे निशातगंज लागते. खाली दुकानांची दाटी आणि वर बिऱ्हाडे असा हा भाग. नबाबी लखनौ पाहावयास येणारा प्रवासी इकडे सहसा फिरकत नाही. परंतु उद्योगाच्या इतिहासात या बाजूला एक लहानसे स्थान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे ‘अपर इंडिया कूपर पेपर मिल’ ही कागदाची गिरणी उभी राहिली. उत्तर हिंदुस्थानातील यंत्रावर चालणाऱ्या पहिल्यावहिल्या कागद-गिरण्यांपैकी ती एक होय. येथील ‘पेपर मिल कॉलनी’ या नावात तिची खूण आजही उरलेली आहे. या गिरणीच्या उभारणीशी ज्यांचे नाव निगडित आहे, ते मुन्शी नवल किशोर हे लखनौचे प्रसिद्ध मुद्रक आणि प्रकाशक. त्यांनी १८५८ साली आपला छापखाना काढला आणि उर्दू, हिंदी, फारसी, अरबी, संस्कृत अशा अनेक भाषांतील ग्रंथ छापून तो आशिया खंडातील मोठ्या छापखान्यांच्या पंक्तीस नेऊन बसवला.

ज्याच्या छापखान्याला रोज कागद लागतो, त्याने कागदाच्या गिरणीत मन घालावे, यात नवल नाही. पण त्यात एक मर्म आहे. आपल्या मालाला गिऱ्हाईक आहे की नाही, हा प्रश्न अशा माणसाला कोणा समितीपुढे जाऊन सोडवून घ्यावा लागत नाही. पहिले गिऱ्हाईक तो स्वतःच असतो. हे भाग्य सर्वांच्या वाट्यास येत नाही. बहुतेकांना आपली कल्पना दुसऱ्याच्या दारी न्यावी लागते, ती पटवून द्यावी लागते आणि त्याच्या होकाराची वाट पाहावी लागते. त्या वाट पाहण्याविषयी आणि अखेरीस पदरी पडणाऱ्या नकाराविषयी येथे विचार करावयाचा आहे.

याच निशातगंजात भाड्याची एक खोली घेऊन राहणारा एक तरुण कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. लखनौची चिकनकारी जगप्रसिद्ध आहे. २००८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु त्या कापडावर टाके घालणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया घरी बसून काम करतात. नगामागे ठरलेली मजुरी त्यांना मध्यस्थामार्फत मिळते आणि हिशेब त्यांच्या हाती नसतो. समजा, या तरुणाने असे एक साधन तयार केले की, प्रत्येक नगाचा आणि प्रत्येक रुपयाचा हिशेब त्या स्त्रीला आपल्याच फोनवर पाहता यावा. चार घरी ते वापरून पाहिले. पुढे जाण्यास पैसा हवा, जागा हवी, जाणत्यांचा सल्ला हवा. म्हणून त्याने एका इन्क्युबेटरकडे अर्ज केला. अर्जात पंधरा-वीस प्रश्न होते. बाजारपेठ किती मोठी, स्पर्धक कोण, पाच वर्षांत उत्पन्न किती. त्याने रात्री जागून उत्तरे लिहिली. दहा मिनिटे बोलावयास मिळाली. दीड महिन्याने दोन ओळींचे पत्र आले: या वेळी आपली निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. दुसरीकडे अर्ज केला, तेथून तेच उत्तर. तिसरीकडून तर उत्तरच नाही. हा तरुण कल्पित आहे, पण त्याची कथा कल्पित म्हणता येणार नाही. देशातील लहानमोठ्या शहरांतून असे सहस्रावधी तरुण आज याच अनुभवातून जात आहेत.

‘इन्क्युबेटर’ या शब्दाची कुळकथा मोठी गमतीची आहे. अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात बटेव्हिया नावाचे एक गाव आहे. तेथील मॅसी-हॅरिस या शेती-यंत्रांच्या कंपनीचा कारखाना बंद पडला आणि गावात बेकारी पसरली. १९५९ साली मँकूसो कुटुंबाने ती अवाढव्य इमारत घेतली. एवढी जागा एकट्याने घेणारा उद्योग मिळेना, तेव्हा जोसेफ मँकूसो यांनी तिचे भाग पाडून ते लहान लहान धंद्यांना भाड्याने दिले आणि सोबत कचेरीच्या सोयी व थोडा सल्लाही दिला. त्या भाडेकऱ्यांत कोंबडीची पिले वाढवणारा एक धंदा होता. त्यावरूनच थट्टेने या इमारतीला उबवणी-यंत्र म्हणू लागले आणि थट्टेचा शब्द पुढे शास्त्राचा झाला. आपल्याकडेही १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ची घोषणा झाल्यापासून हा शब्द गावोगाव पोहोचला. सरकारमान्य नवउद्योगांची संख्या एव्हाना लाखाच्या वर गेली आहे. २०२० साली उत्तर प्रदेशाने आपले स्वतंत्र स्टार्टअप धोरण जाहीर केले. २०२१ साली केंद्र सरकारने ९४५ कोटी रुपयांची बीज-भांडवल योजना काढली. तीत कल्पना सिद्ध करून पाहण्यासाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान आणि पुढे बाजारात उतरण्यासाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठेवले. मात्र हा पैसा सरकार परस्पर देत नाही. तो उबवणी-केंद्रांच्या हाती सोपवला जातो आणि कोणाला द्यावयाचा हे त्या केंद्राची समिती ठरवते. अर्जदाराने पसंतीक्रमाने तीन केंद्रे निवडावीत अशी सोय त्या योजनेत केली गेली.

दुसरी एक व्यवस्था निशातगंजपासून नदीपलीकडे, थोड्याच अंतरावर आहे. लघुउद्योगांसाठी १९९० साली स्थापन झालेल्या ‘सिडबी’ या बँकेचे मुख्य कार्यालय लखनौच्या अशोक मार्गावर आहे. २०१६ साली १०,००० कोटी रुपयांचा जो निधी नवउद्योगांसाठी योजण्यात आला, त्याचा कारभार या बँकेकडे सोपवण्यात आला. पण तोही पैसा थेट उद्योजकाला मिळत नाही. बँक तो नोंदणीकृत गुंतवणूक-निधींना देते आणि ते निधी आपापल्या पारखीने उद्योग निवडतात. म्हणजे पैसा देणारा आणि घेणारा यांची गाठ पडतच नाही. मधल्या निवडणाऱ्यालाच सर्व महत्त्व येते. यात वावगे काही नाही. सरकारी अधिकाऱ्याने खुर्चीत बसून उद्योगाची पारख करावी, यापेक्षा त्या क्षेत्रातील जाणत्याने ती करावी, हे शहाणपणाचेच आहे. परंतु त्यामुळे एक प्रश्न निर्माण होतो, आणि तो असा की, ज्याला नाकारले त्याचे या मधल्या माणसाकडे काही देणे लागते की नाही?

उत्तर देण्यापूर्वी निवडणाऱ्याची बाजू न्यायाने पाहिली पाहिजे. जागा दहा असतात आणि अर्ज शेकड्यांनी येतात. त्यांपैकी पुष्कळ अर्ज खरोखरीच कच्चे असतात. काही चांगले असूनही अकरावे ठरतात. अकराव्याला काय कारण सांगावे? त्याच्यात दोष नव्हता, दहावा थोडा बरा वाटला एवढेच. शिवाय कारण लिहून दिले की वाद उद्‌भवतो. अर्जदार उलट पत्र लिहितो, ओळखीच्या माणसाला घेऊन येतो, क्वचित न्यायालयाची भाषाही बोलतो. म्हणून गोड शब्दांतला, काहीच न सांगणारा नकार हा कचेरीला सर्वांत सोयीचा ठरतो. हे सारे खरे आहे. परंतु सोयीचे असते ते योग्य असतेच असे नाही, आणि या बाबतीत तर सोयीची किंमत दुसराच कोणी भरत असतो.

ती किंमत कोणती, हे समजण्यासाठी महाराष्ट्रातील दोन उद्योगी पुरुषांची चरित्रे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिले लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांच्या आयुष्याची सुरुवातच एका नकाराने झाली असे म्हटले तरी चालेल. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवीत असत. हक्काची बढती डावलून ती दुसऱ्यास देण्यात आली, तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली. तेथे सायकलींचे दुकान चालवता चालवता त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर ओतला. नांगर उत्तम होता. पण तो घेईना कोणी. लोखंड जमिनीत गेले की जमीन विषारी होते आणि पीक येत नाही, असा शेतकऱ्यांचा ठाम समज होता. दोन वर्षेपर्यंत नांगर पडून राहिले.

आता हा नकार कसा होता पाहा. त्याचे कारण सपशेल चुकीचे होते. जमीन लोखंडाने विषारी होत नाही. पण ते कारण शेतकऱ्याने तोंडावर सांगितले होते, आणि सांगितलेल्या कारणाला उत्तर देता येते. एका शेतात नांगर चालवून दाखवावा, त्या शेतातले पीक लोकांना पाहू द्यावे, म्हणजे समज ढासळतो. लक्ष्मणरावांना आपल्या वाटेतली भिंत कोठे आहे हे ठाऊक होते, म्हणून ती कशी फोडावयाची याचा विचार ते करू शकले. पुढे बेळगावच्या नगरपालिकेने त्यांना कारखान्याची जागा सोडावयास लावले, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ त्यांनी दिला, दहा हजार रुपयांचे कर्ज दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आजच्या भाषेत औंधच्या राजाने इन्क्युबेटरचे काम केले असे म्हणता येईल. पण राजाचा होकार येईपर्यंत शेतकऱ्याचा नकार जिंकून झालेला होता, हे विसरता कामा नये.

दुसरे चरित्र डॉ. शंकर आबाजी भिसे यांचे. १८६७ साली मुंबईत जन्मलेल्या या गृहस्थांची बुद्धी अलौकिक म्हणावी अशी होती. पीठ किंवा तत्सम माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची रचना केल्याबद्दल लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेत त्यांनी पारितोषिक मिळवले. दिनशा वाच्छा यांनी दादाभाई नौरोजींच्या नावे परिचयपत्र दिले आणि एकोणिसावे शतक संपता संपता भिसे लंडनला पोहोचले. तेथे त्यांनी मुद्रणाचे खिळे ओतणाऱ्या यंत्राचे काम हाती घेतले. लायनोटाइप आणि मोनोटाइप ही दोन बलाढ्य यंत्रे तेव्हा मुद्रणाच्या जगात पाय रोवीत होती. त्यांच्याहून वेगाने काम करणारे यंत्र आपण करू, ही भिसे यांची आकांक्षा होती आणि ‘भिसोटाइप’ या नावाने ती त्यांनी बऱ्याच अंशी साकारही केली. अडत होते ते भांडवलापाशी.

त्या भांडवलासाठी त्यांची जी फरफट झाली, ती वाचताना मन विषण्ण होते. दादाभाईंनी आपले वजन खर्च केले. त्यांचे स्नेही, इंग्लंडमधील समाजवादी पुढारी हिंडमन यांनी पैसा उभा करण्याचे मनावर घेतले. आशा वाढली, वर्षे गेली आणि अखेर हिंडमन यांचेच आर्थिक गाडे रुतल्यामुळे सारे ओसरले. १९०८ साली भिसे निराश होऊन मुंबईस परतले. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या मध्यस्थीने जमशेटजींचे धाकटे पुत्र सर रतन टाटा यांचे साहाय्य लाभले. १९१० साली ‘टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट’ निघाले. भिसे पुन्हा इंग्लंडला गेले. पण यंत्र बाजारात रुजण्यापूर्वीच महायुद्ध आले आणि १९१५ साली ते साहाय्यही थांबले. मग अमेरिका. तेथेही एक कंपनी निघाली, पण तोवर लायनोटाइप आणि मोनोटाइप यांनी बाजार व्यापला होता. १९३५ साली न्यू यॉर्कमध्ये भिसे वारले. अनेक शोधांचे एकस्व त्यांच्या नावावर होते. आयोडीनच्या एका औषधाने त्यांना पैसाही मिळवून दिला. पण ज्या यंत्रासाठी त्यांनी उमेदीची वर्षे वेचली, ते यंत्र छापखान्याछापखान्यांतून कधी दिसले नाही.

या दोन जीवनांत अंतर कशाचे? बुद्धीचे म्हणावे, तर भिसे कोणाहून कमी नव्हते. पाठीराख्यांचे म्हणावे, तर दादाभाई, गोखले आणि टाटा यांच्याइतके थोर पाठीराखे त्या काळी दुसऱ्या कोणाला लाभले असतील? दैवाचा भाग वगळता अंतर आहे ते परीक्षकाचे. किर्लोस्करांचा परीक्षक शेतकरी होता. त्याने नाही म्हटले, कारण सांगितले, आणि कारण दूर होताच नांगर घेतला. भिसे यांचे यंत्र छापखान्यातील जुळाऱ्याच्या हाती पडून त्याचा कौल मिळण्यापूर्वी भांडवलदाराच्या कौलासाठी थांबत राहिले. आणि तो कौल धड होकाराचा नव्हता, धड नकाराचाही नव्हता. स्पष्ट नकाराने माणूस दुखावतो, पण मोकळा होतो. आश्वासनाने तो सुखावतो आणि अडकून पडतो. अकारण नकार तर दोन्हींहून वाईट. तो दुखावतोही आणि मोकळेही करीत नाही. कारण आपल्यात नेमके काय उणे आहे, हे न कळल्यामुळे माणूस एक तर सर्वच बदलू पाहतो, नाही तर काहीच बदलत नाही. मग तो आपल्या कल्पनेवर तरी अविश्वास धरतो किंवा निवडणाऱ्याच्या सचोटीवर तरी. वशिला चालला असेल, इंग्रजी कमी पडली असेल, लखनौऐवजी बंगळूरला असतो तर निवड झाली असती, अशा शंका मनात घर करतात. यांतील एखादी खरीही असेल, पण खरी कोणती हे कळण्यास मार्ग नसतो. निवड करणाऱ्या संस्थेच्या मौनाची ही किंमत आहे.

सरकारी कामकाजाशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना ‘सकारण आदेश’ ही कल्पना परिचित आहे. एखाद्याच्या हक्काचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या निर्णयाची कारणे नोंदवली पाहिजेत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली एस. एन. मुखर्जी यांच्या प्रकरणात निःसंदिग्धपणे मांडले. कारणे लिहावी लागली की लिहिणाऱ्याला विचार करावा लागतो, मनमानीला आळा बसतो, आणि वाचणाऱ्याला आपले म्हणणे ऐकले गेले याची खूण पटते. मात्र निवड-समितीला हा दंडक सहसा लागू होत नाही. अनेकांतून थोडे निवडणे हा हक्काचा निवाडा नव्हे, अशी कायद्याची दृष्टी आहे, आणि कायदा म्हणून ती रास्तही असेल. पण कायद्याने सक्ती नाही, एवढ्याने कर्तव्य संपत नाही. पैसा सार्वजनिक आहे. ज्याला तो दिला त्याच्याकडून पै-पैचा हिशेब घेतला जातो. मग ज्याला दिला नाही त्याला चार ओळींचा हिशेब देण्यास काय हरकत असावी?

आणि हे अशक्य मुळीच नाही. नकाराची कारणे वस्तुतः फार थोड्या प्रकारची असतात. कल्पना चांगली, पण आमच्या क्षेत्राबाहेरची. कल्पना चांगली, पण वेळ झाली नाही. आधी अमुक एवढे करून दाखवा. योजनेत अमुक दोष आहे. किंवा, दोष नाही, पण जागा संपल्या. यांपैकी कोणते कारण लागू आहे, एवढे तरी प्रत्येक अर्जदाराला कळवता येईल. जो मुलाखतीपर्यंत पोहोचला, त्याला त्याहून दोन वाक्ये अधिक लिहावीत. अमेरिकेत २००५ साली सुरू झालेली वाय कॉम्बिनेटर ही या क्षेत्रातील अत्यंत प्रसिद्ध संस्था होय. तिची मुलाखत अवघी दहा मिनिटांची असते. परंतु मुलाखतीनंतर नाकारलेल्यांना का नाकारले हे लेखी कळवण्याचा तिचा प्रघात आहे. बेसेमर नावाची गुंतवणूक-संस्था याच्याही पुढे गेली. आपण पूर्वी नाकारलेल्या, पण पुढे नावारूपास आलेल्या कंपन्यांची यादी ती स्वतःच प्रसिद्ध करते. ॲपल, गूगल, फेडएक्स ही नावे त्या यादीत आहेत. आपल्या परीक्षेतही चूक होते, हे परीक्षकाने चारचौघांत सांगावे, यात त्याचा कमीपणा होत नाही. उलट त्याच्या पुढच्या नकारावर लोकांचा अधिक विश्वास बसतो.

आपल्या परंपरेतही याहून उदार असे एक उदाहरण आहे, आणि त्याचा धागा उत्तर प्रदेशाशी जुळलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना काढली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभे राहावेत, अशी ती योजना. लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले. १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काचेचा कारखाना निघाला. त्याची तांत्रिक धुरा वाहिली ती ईश्वरदास वार्ष्णेय यांनी. हे मूळचे उत्तर प्रदेशाकडचे. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले. पुढे त्यांनी आपल्या प्रांतात बहजोई येथे काचेचा कारखाना उभारला. तळेगावच्या कारखान्याचे वैशिष्ट्य असे की, तो माल काढीत होता तशी माणसेही तयार करीत होता. येथे शिकलेले तरुण देशभरच्या काच-कारखान्यांतून पसरले. ज्याला स्वतःचा कारखाना काढता आला नाही, तोही काही तरी हाती घेऊन बाहेर पडला. निवड थोड्यांची होते, हे कोणत्याही संस्थेला टळत नाही. परंतु न निवडलेल्याला रिकाम्या हाताने परत न पाठवणे, हे तिच्या हाती असते.

संस्थांचे कर्तव्य सांगितले, तसे दोन शब्द अर्ज करणाऱ्यांनाही सांगितले पाहिजेत. अर्ज लिहिणे ही एक स्वतंत्र कला आहे आणि तिचा मोह फार वाईट. एका केंद्राने नाकारले की दुसऱ्याचा अर्ज, तो नाकारला की तिसऱ्याचा, मग स्पर्धा, मग शिबिर, मग पुन्हा अर्ज. असे करता करता दोन वर्षे निघून जातात आणि उद्योजक व्हावयास निघालेला माणूस व्यवसायाने अर्जदार होऊन बसतो. त्याच्या तोंडी बाजारपेठेची भाषा येते, पण बाजाराशी गाठ पडत नाही. समितीचा नकार हा समितीचा नकार असतो, तो जगाचा नकार नव्हे. पुढे एअरबीएनबी या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कंपनीच्या संस्थापकांची २००८ साली सात गुंतवणूकदारांशी ओळख करून देण्यात आली होती. त्यांपैकी पाच जणांनी नकार कळवला आणि दोघांनी उत्तरच दिले नाही. पण असल्या कथा ऐकून प्रत्येक नाकारलेली कल्पना थोर असते, असाही भ्रम करून घेऊ नये. नाकारलेल्या पुष्कळ कल्पना नाकारण्यायोग्यच असतात. आपली त्यांतली आहे की नाही, हे ठरवण्याचा एकच भरवशाचा उपाय आहे. लक्ष्मणरावांनी जसा शेतकऱ्याचा कौल घेतला, तसा ज्याच्यासाठी वस्तू केली त्याचा कौल घ्यावा.

निशातगंजच्या त्या कल्पित तरुणापुढे हा उपाय मोकळा आहे. ज्या चार घरांत त्याचे साधन वापरून पाहिले, तेथील स्त्रियांनी ते दुसऱ्या महिन्यातही वापरले का? नसेल तर का नाही? फोन घरात एकच असून तो नवऱ्याच्या खिशात असतो म्हणून, की हिशेब दाखवला तर मध्यस्थ पुढचे काम देणार नाही म्हणून? हे प्रश्न कोणत्याही समितीच्या प्रश्नपत्रिकेत नसतील, आणि त्यांची उत्तरे ऐकण्यास कोणाच्या परवानगीचीही गरज नाही. ती बाई कदाचित नाही म्हणेल. पण ती का नाही म्हणते ते सांगेल. तिचे कारण चुकीचे असले तर ते दूर करता येईल. खरे असले तर आपले साधन दुरुस्त करता येईल. दोन्ही बाजूंनी लाभच आहे.

आणि तो पुन्हा अर्ज घेऊन एखाद्या केंद्रात गेलाच, तर तेथे बसलेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. दहाजणांना निवडून त्यांच्या यशाची छायाचित्रे भिंतीवर लावणे हे त्यांचे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम त्या शेकडो पत्रांत आहे, जी नकार घेऊन जातात. त्यांतील प्रत्येक पत्रात एक खरे वाक्य असावे. त्याला खर्च फारसा येत नाही. अर्ज मात्र पुरता वाचावा लागतो.